शहराजवळच्या कड्यांवर पहिली चढाई: दगड आणि बर्फ कसा पारखावा?

उत्तरवाट

नमस्कार. मी आणि माझी धाकटी बहीण गेली दोन वर्षे कृत्रिम भिंतीवर नियमित चढाई करत आहोत. गाठी मारणे, बिले देणे (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणे), आघाडीवर, म्हणजे वरून दोर नसताना, चढताना क्विकड्रॉमध्ये (दोन्ही टोकांना कडी असलेल्या पट्टीत) दोर अडकवत जाणे या गोष्टी आता अंगवळणी पडल्या आहेत आणि फ्रेंच श्रेणीतील (आकडा वाढेल तसा मार्ग अवघड) ६ए ते ६बी दर्जाचे मार्ग आम्ही सहसा न पडता पूर्ण करतो. आता खऱ्या कातळावर जावे असे दोघींनाही मनापासून वाटू लागले आहे.

शहराच्या आसपास चौकशी केली तेव्हा तीन जागा समोर आल्या. पहिली म्हणजे पाऊण तासाच्या अंतरावरचे वालुकाश्माचे बुटके कडे. त्यांची उंची ८ ते १० मीटर आहे, बोल्ट (दोर अडकवण्यासाठी कातळात कायमचे बसवलेले धातूचे खिळे) कोठेही नाहीत, पण माथ्यावर सपाटी असून मोठी झाडे आहेत. दुसरी जागा दोन तासांवरचा चुनखडीचा उभा कडा. तेथे २५ ते ३० मीटर उंचीचे, बोल्ट मारलेले मार्ग आहेत आणि सुटीच्या दिवशी गर्दी असते. तिसरी जागा त्याच रस्त्याने आणखी पुढे, एका अरुंद घळीतला धबधबा. तो कडाक्याच्या थंडीत गोठतो आणि त्यावरच्या बर्फारोहणाचा दर्जा डब्ल्यूआय ३ (डब्ल्यूआय ही गोठलेल्या पाण्यावरच्या चढाईची श्रेणी) असल्याचे सांगतात.

माहितीपुस्तिकेत प्रत्येक मार्गाची लांबी, श्रेणी आणि त्याला मिळालेले तारे छापले आहेत. परंतु एखादी जागा नवख्यांना योग्य आहे का, आणि मुख्य म्हणजे आपण जाऊ त्या दिवशी ती चढण्याजोगी आहे का, हे कसे ओळखावे याविषयी त्यात एक ओळही नाही. या तिन्हींपैकी कोठून सुरुवात करावी, जाण्यापूर्वी आणि पायथ्याशी पोहोचल्यावर काय तपासावे, आणि याच वर्षी बर्फाकडे वळणे शहाणपणाचे ठरेल का, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कातळस्पर्श

श्रेणीचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. कृत्रिम भिंतीवर ६बी चढणारी व्यक्ती पहिल्या दिवशी नैसर्गिक कातळावरच्या ४ किंवा ५ दर्जाच्या मार्गावरही अडखळते, आणि त्याचा ताकदीशी फारसा संबंध नसतो. भिंतीवर पुढची पकड रंगावरून दिसते. कातळावर ती शोधावी लागते आणि पाय कोठे टेकवायचा हे तर दगडाच्या अगदी जवळ डोळे नेल्याशिवाय कळत नाही. पहिल्या काही खेपांना तुम्हाला हे पाहणेच शिकायचे आहे.

जागा पारखताना मी सर्वांत आधी दगडाची जात पाहतो. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण आणि त्यांना एकमेकांशी जखडून ठेवणारा सांधा. हा सांधा मातीचा किंवा चुन्याचा असला तर पाणी मुरताच तो सैल पडतो, आणि काल ज्या पकडीने तुमचे सारे वजन पेलले तीच आज हातात येते. पंचाईत अशी की उन्हाने वरचा पापुद्रा लवकर वाळतो आणि दगड कोरडा दिसू लागतो, आत मात्र ओल तशीच असते. यासाठी एक साधी परीक्षा आहे. कड्याच्या पायथ्याची माती बोटांनी चार-पाच सेंटीमीटर उकरून पाहावी. खाली ती दमट लागली तर कडाही दमट आहे असे धरून परत फिरावे. कितीही लांबून आलेले असलात तरी या बाबतीत स्वतःला सूट देऊ नका, कारण तुटलेली पकड तुम्हाला तर पाडतेच, शिवाय तो मार्ग पुढच्या सर्वांसाठी कायमचा बदलते.

जर्मनीतील ड्रेस्डेन शहराजवळ एल्बे नदीच्या खोऱ्यात वालुकाश्माचे शेकडो सुळके आहेत. तेथील फाल्केनस्टाइन या सुळक्यावरची १८६४ मधली चढाई प्रसिद्ध आहे. इतकी जुनी परंपरा असूनही, किंबहुना ती आहे म्हणूनच, तेथे ओल्या दगडावर चढू दिले जात नाही, हाताला मॅग्नेशियाची पूड लावता येत नाही आणि भेगांमध्ये धातूचे नट किंवा कॅम (भेगेत अडकवून दोर धरणारी साधने) न वापरता दोरीच्या गाठी अडकवाव्या लागतात. नवख्या माणसाला हे नियम जाचक वाटतात. पण मऊ दगडात धातू रुतून बसला की भेगेच्या कडा कशा झिजतात हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे त्यांचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

चुनखडीची तऱ्हा निराळी आहे. तिच्यातील मुख्य खनिज कॅल्साइट असते आणि मोह्जच्या मापनात (खनिजांच्या कठीणतेची १ ते १० अशी मोजणी) त्याची कठीणता ३ आहे. ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झची कठीणता ७ असते. त्यामुळे लोकप्रिय मार्गांवरची चुनखडी बुटांच्या घासण्याने हळूहळू गुळगुळीत होते. तुम्ही त्या गर्दीच्या कड्यावर जाल तेव्हा सर्वांत सोप्या मार्गाच्या तळाशी उभ्या राहा आणि पहिल्या तीन-चार पायऱ्या बाजूने, तिरप्या उजेडात पाहा. जुन्या वाड्याच्या दगडी उंबरठ्याचा मधला भाग जसा चमकतो, तशी ती पावलांची जागा चमकत असेल. असा मार्ग पुस्तिकेत ५ दर्जाचा लिहिलेला असला तरी पायांना तो कितीतरी अवघड जातो आणि पहिला बोल्ट गाठण्यापूर्वीच माणूस घसरतो. शेजारचा, कमी तारे मिळालेला, किंचित वरच्या श्रेणीचा मार्ग पुष्कळदा अधिक सुखाचा असतो.

चुनखडीत पाणी आतल्या पोकळ्यांमधून वाट काढते, म्हणून पाऊस थांबून चार दिवस उलटले तरी कड्यावर काळ्या ओघळांच्या रेषा दिसत राहतात. त्या रेषांवरचे मार्ग सोडून द्यावेत. कड्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे हेही नकाशावर आधीच पाहून ठेवा. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेला कडा थंडीत उबदार आणि लवकर वाळणारा असतो, पण उन्हाळ्यात दुपारी त्यावर हात टेकवत नाही. उत्तरमुखी कड्याचे याच्या नेमके उलट.

दगड कोणताही असो, संशयास्पद पकडीवर वजन देण्यापूर्वी तिच्यावर तळव्याने थाप मारावी. घट्ट दगडाचा आवाज बारीक आणि कोरडा येतो, सुटलेल्या फळीचा आवाज घुमतो आणि थापेखाली ती किंचित थरथरलेली हाताला कळते.

तुमच्या तीन जागांपैकी मी पहिल्यांदा वालुकाश्माचे बुटके कडेच निवडेन. वरून दोर लावता येतो, ८-१० मीटरवर एकमेकींशी नीट बोलता येते आणि अंतर कमी असल्यामुळे एकच मार्ग पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या दिवशी चढता येतो. पॅरिसच्या दक्षिणेला सुमारे ६० किलोमीटरवर फोंतेनब्लोच्या जंगलात वालुकाश्माचे मोठमोठे गोटे विखुरलेले आहेत. आल्प्सची स्वप्ने पाहणाऱ्या पॅरिसमधील आरोहकांच्या कित्येक पिढ्या त्या गोट्यांवर घडल्या, याला त्या जागेचे जवळ असणे हेही मोठे कारण आहे.

निरगाठ

कातळस्पर्श यांनी दगडाविषयी लिहिलेले सर्व मान्य आहे, परंतु बोल्ट नसलेली जागा पहिल्या दिवसासाठी सुचवताना अँकरची, म्हणजे दोर वर ज्याला बांधायचा त्या आधाराची, जबाबदारी पूर्णपणे तुमच्यावर येते, ही गोष्ट त्यांच्या लिखाणात मागे पडली. माझे मत असे आहे की या दोघींनी एखाद्या जाणत्या व्यक्तीबरोबर आधी चुनखडीच्या कड्यावर जावे, कारण भिंतीवर शिकलेली आघाडीची चढाई तेथे थेट उपयोगी पडते. अर्थात, तेथे त्यांना सर्वाधिक धोका चढताना नसून वर पोहोचल्यावर आणि उतरताना आहे.

भिंतीवर दोर किती लांब हवा हा विचार करण्याची वेळच येत नाही. कड्यावर मात्र ३० मीटरच्या मार्गावरून खाली सोडायचे तर दोर ६० मीटरचा लागतो आणि त्यात चुकीला जागा उरत नाही. मी स्वतः सहा-सात वर्षांपूर्वी एका नव्या कड्यावर ६० मीटरचा दोर घेऊन चढलो होतो. पायथ्यापासून मार्ग २५-२६ मीटरचा असावा असा अंदाज होता. माझा साथीदार मला खाली सोडत असताना, जमीन अजून तीन-साडेतीन मीटर खाली असताना, एकदम थांबला. त्याच्या मागच्या हाताला दोराच्या टोकावरची चिकटपट्टी लागली होती. बिलेच्या साधनातून ते टोक सुटायला वीतभर दोर उरला होता. त्याने तो तसाच आवळून धरला, मी कातळावर हात-पाय रोवले आणि उरलेले अंतर त्याच्या सूचनांप्रमाणे उतरलो. टोकाला गाठ मारलेली नव्हती. आम्ही दोघेही त्या वेळी नवखे नव्हतो, हे मुद्दाम नमूद करतो. तेव्हापासून दोर पिशवीतून बाहेर काढला की दुसऱ्या टोकाला गाठ मारल्याशिवाय मी बुटांना हात लावत नाही.

दुसरी जोखमीची जागा म्हणजे मार्गाच्या माथ्यावरचा अँकर. काही ठिकाणी तेथे दोर नुसता अडकवता येईल असे हूक असतात, तर काही ठिकाणी दोन बंद कड्या असतात. बंद कड्या असतील तर तुम्हाला स्लिंगने (शिवलेल्या पट्टीच्या फासाने) स्वतःला अँकरशी बांधून, दोर सोडून, तो कड्यांमधून ओवून पुन्हा बांधावा लागतो. या क्षणी वरची व्यक्ती ‘झाले’ एवढेच म्हणते आणि खालची त्याचा अर्थ ‘आता बिले नको’ असा घेते, यातून घडलेले अपघात जगभरच्या आरोहकांना परिचित आहेत. वरची व्यक्ती बिलेवरच खाली येणार की रॅपल करणार (दोरावरून स्वतः उतरणार), हे जमिनीवर असतानाच ठरवावे आणि वर गेल्यावर बदलू नये. ओवण्याची ही सारी क्रिया आधी जमिनीवर, छातीच्या उंचीला लावलेल्या दोन कड्यांवर, डोळे मिटून करता येईल इतक्या वेळा करावी.

बोल्ट दिसला म्हणजे तो भक्कम आहे असे मानू नका. पट्टी बोटाने फिरते का, बोल्टच्या भोवतीचा दगड तडकलेला आहे का, गंजाचा तांबूस ओघळ खाली उतरला आहे का, एवढे प्रत्येक बोल्टजवळ पाहावे. थायलंडमधील रायलेच्या समुद्रकाठच्या चुनखडीत स्टेनलेस पोलादाचे बोल्टसुद्धा बाहेरून फारशी खूण न दाखवता आतून तडकत गेले आणि त्यामुळे तेथे टायटॅनियमचे बोल्ट बसवावे लागले. तुमचा कडा समुद्रापासून दूर असला तरी बोल्ट कोणी आणि किती वर्षांपूर्वी मारले, त्यांची देखभाल कोण करते, हे तेथे नियमित जाणाऱ्यांना विचारण्यात संकोच बाळगू नका.

वालुकाश्मावर जायचेच असेल तर वरच्या झाडांविषयी थोडेसे. झाड जिवंत, मांडीपेक्षा जाड आणि खोल मुळांचे असावे आणि एकाच झाडावर विसंबू नये. दोन झाडांना बुंध्याशी, जमिनीलगत वेढे देऊन, न ताणणाऱ्या दोराने अँकरचा मुख्य बिंदू कड्याच्या धारेच्या खाली लोंबेल असा आणावा. तो धारेच्या मागे राहिला तर चढाईचा दोर प्रत्येक वेळी दगडावर घासतो. लंडनच्या दक्षिणेकडील हॅरिसन्स रॉक्स या मऊ वालुकाश्माच्या कड्यांवर अशा घासण्याने दगडात बोट जाईल एवढ्या खाचा पडल्या आहेत, आणि म्हणूनच तेथे मुख्य कॅरॅबिनर (दोर अडकवायची उघडझाप होणारी कडी) धारेखाली लोंबता ठेवण्याचा आग्रह धरला जातो. धारेवर दोराखाली जाड कापडाचा तुकडा घालावा.

कातळस्पर्श

अँकरची बाब माझ्याकडून राहिली, हे खरे आहे. निरगाठ यांनी ती लिहिली याबद्दल आभार. तरीही जागेविषयीचे माझे मत बदललेले नाही. माथ्यावर सपाटीवरून चालत जाता येते, अँकर जमिनीवर उभे राहून बांधता येतो, आणि जाणत्या व्यक्तीला तो तपासता येतो. ३० मीटर उंचीवर लोंबकळत दोर ओवण्यापेक्षा शिकण्यासाठी ही स्थिती मला कितीतरी बरी वाटते. जाणती व्यक्ती दोन्ही ठिकाणी लागणारच आहे, त्याबद्दल आमच्यात दुमत नाही.

एक पुरवणी. कॅम वापरून वालुकाश्मावर आघाडीने चढण्याचा मोह सध्या टाळावा. रे जार्डाइन यांनी तयार केलेले ‘फ्रेंड्स’ हे कॅम १९७८ च्या सुमारास बाजारात आले आणि समांतर भेगांमधली चढाई बदलून गेली. परंतु कॅम पेलतो तो भेगेच्या दोन्ही भिंतींवर बाहेरच्या दिशेने जोर देऊन, आणि हा जोर खाली ओढणाऱ्या भाराच्या साधारण दुप्पट असतो. ग्रॅनाइटला त्याचे काही वाटत नाही. मऊ वालुकाश्माची कड मात्र त्या जोराने चुरा होऊन सांडते आणि कॅम निसटतो.

उत्तरवाट

आपण दोघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मतभेदामुळे उलट अधिक स्पष्टता आली. आमच्या सरावाच्या ठिकाणी बाहेरच्या कड्यांवर अनेक वर्षे चढलेल्या एक बाई येतात. त्या पहिल्या दोन-तीन खेपांना बरोबर येण्यास तयार झाल्या आहेत. बर्फाविषयी मात्र अजून कोणी लिहिलेले नाही. डब्ल्यूआय ३ हा दर्जा ‘सोपा’ असल्याचे आम्हाला सांगण्यात आले होते, ते कितपत बरोबर आहे?

हिमकणी

गोठलेल्या धबधब्याकडे कड्यासारखी एक ‘जागा’ म्हणून पाहू नका, एवढे सर्वप्रथम सांगते. कडा उद्याही तेथेच असतो. बर्फ दर वर्षी नव्याने घडतो, दर आठवड्याला बदलतो आणि काही वेळा सकाळचा बर्फ दुपारी वेगळा असतो. डब्ल्यूआय ३ म्हणजे साधारणपणे ७० अंशांच्या उताराचा सलग बर्फ, मध्ये एखादा अधिक उभा टप्पा आणि बऱ्यापैकी विसाव्याच्या जागा. हा दर्जा धबधबा पूर्ण भरून गोठलेला असतानाचा आहे. हंगामाच्या सुरुवातीला तोच धबधबा पातळ, पोकळ आणि झुंबरासारख्या लोलकांचा असतो, आणि तेव्हा त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

पायथ्याशी पोहोचल्यावर मी आधी ऐकते. बर्फाच्या पडद्यामागे पाणी खळाळत असेल तर बर्फ खडकाला किती चिकटलेला आहे याची शंका घ्यावी. मग रंग पाहते. निळसर बर्फ घट्ट असतो, दुधाळ पांढऱ्यात हवा कोंडलेली असते. त्यानंतर हवामान. शून्याच्या थोडेसे खाली तापमान स्थिर असेल तर बर्फ चिवट असतो, अवजाराचे टोक एका घावात रुतते आणि ‘थक्’ असा जाड आवाज येतो. रात्रीत पारा एकदम खूप खाली घसरला असेल तर तोच बर्फ काचेसारखा ठिसूळ होतो आणि घाव घालताच ताटाएवढी चकती सुटून तोंडावर येते. सुटा उभा खांब, ज्याचे वरचे आणि खालचे टोकच तेवढे टेकलेले असते, तो अशा थंडीत आकसून आडवा तडकू शकतो, म्हणून पारा कोसळल्यानंतर त्याच्या वाटेला जाऊ नये. उलट, ऊन लागून बर्फ पाणावला तर चढायला तो लोण्यासारखा मऊ लागतो, पण आईस स्क्रू (दोर अडकवण्यासाठी बर्फात फिरवून बसवायचे स्क्रू) त्यात धरत नाहीत.

स्क्रूवरून बर्फाची जी पारख होते तिच्याइतकी नेमकी पारख दुसरी नाही. स्क्रू म्हणजे पोकळ नळी. ती फिरवत आत घालताना मागच्या तोंडातून बर्फाची बारीक कांडी बाहेर येत राहते. कांडी सलग, कोरडी आणि काचेसारखी येत असेल तर जागा चांगली. मध्येच कांडी थांबली आणि स्क्रू एकदम हलका फिरू लागला तर आत पोकळी आहे. पाणी किंवा भिजलेला भुगा आला तर स्क्रू काढून दुसरीकडे लावावा. तुम्हाला आघाडीवर चढायचे नसले तरी पायथ्याच्या बर्फात उभे राहून दहा ठिकाणी स्क्रू लावून ही कांडी पाहत बसा. एका सकाळी त्यातून जे कळते ते एरवी हंगामभर कळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. तुम्ही लिहिले आहे की धबधबा अरुंद घळीत आहे. घळ ही वरच्या उताराची पन्हळच असते, आणि माथ्यावर साचलेला हिम सुटला तर तो तेथूनच खाली येणार. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमप्रपात सर्वाधिक होतात. धबधब्याच्या पायथ्यावरून हे उतार बहुधा दिसतच नाहीत, म्हणून उंचीच्या रेषा असलेल्या नकाशावर ते आधी पाहावेत, त्या भागाचे हिमप्रपाताचे अनुमान जाहीर होत असेल तर ते वाचावे, आणि नुकताच भरपूर हिम पडला असेल, जोराचा वारा झाला असेल किंवा तापमान झपाट्याने वाढले असेल तर त्या घळीत पाऊलही टाकू नये. मी अशा दिवसांमध्ये तीन वेळा अर्ध्या वाटेतून परतले आहे आणि तिन्ही वेळा काहीही कोसळले नाही. तरीही पुन्हा तसाच दिवस आला तर मी परतेनच.

बर्फ टिकतो सावलीत. नॉर्वेतील र्‍युकान हे गाव इतक्या खोल दरीत आहे की हिवाळ्यातील जवळजवळ सहा महिने तेथे सूर्यकिरण थेट पोहोचत नाहीत. २०१३ मध्ये डोंगरावर मोठे आरसे बसवून गावच्या चौकात ऊन आणण्यात आले. ज्या सावलीने गावकऱ्यांना उन्हाला पारखे केले, तिच्यामुळेच तेथील धबधब्यांचा बर्फ भरवशाचा झाला आणि दूरदूरचे आरोहक तेथे येऊ लागले. तुमची घळ कोणत्या वेळी उन्हात येते हे विचारून घ्या आणि त्याच्या बऱ्याच आधी खाली उतरलेल्या असा.

याच वर्षी बर्फ करावा का? वरून दोर लावून, शिकवणाऱ्याबरोबर, अवश्य करावा. आघाडीवर नाही. कातळावर बोल्टच्या वर पडणे हा सरावाचा भाग मानला जातो. बर्फात आघाडीवर पडायचेच नसते, कारण बुटांना बांधलेल्या क्रॅम्पॉनचे दाते मध्येच कोठेतरी अडकतात आणि घोटा मोडतो, शिवाय दोन्ही हातांत धारदार अवजारे असतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात युरे गावाला लागून असलेल्या घळीत नळांनी पाणी सोडून हिवाळाभर बर्फाच्या भिंती तयार केल्या जातात आणि माथ्यावरून दोर सोडता येतो. जेथे कोठे अशी सोय असेल तेथे नवख्यांनी आधी जावे. तुमच्या धबधब्याच्या माथ्यावर चालत पोहोचता येते का, आणि तेथे भक्कम झाड किंवा खडक आहे का, हे पाहणे हाच तुमच्यासाठी पहिला प्रश्न आहे.

बिले देणारीने चढणारीच्या खाली कधीही उभे राहू नये. प्रत्येक घावाबरोबर बर्फाचे तुकडे खाली येतात आणि अरुंद घळीत ते भिंतींवर आपटून उसळतात. बाजूला, खडकाच्या आडोशाला जागा नसेल तर त्या धबधब्यावर नवख्यांनी चढू नये.

पायवाट

सर्वांनी तांत्रिक बाजू लिहिली आहे, म्हणून मी एवढेच जोडतो की शहराजवळच्या जागा बंद होतात त्या बहुधा दगड खराब झाल्यामुळे नव्हे, तर माणसांच्या वागण्यामुळे. जमीन कोणाची आहे, गाडी कोठे लावलेली चालते आणि कोणत्या महिन्यांत कडा पक्ष्यांसाठी राखीव असतो, हे आधी विचारावे. कॅनडात व्हँकुव्हरच्या उत्तरेला स्क्वामिश येथील ‘चीफ’ नावाच्या ग्रॅनाइटच्या कड्यावर बहिरी ससाण्यांच्या विणीच्या काळात काही भागांत चढाई थांबवली जाते, आणि आरोहक ते पाळतात. तुमच्या कड्यावर फलक नसला तरी एखादा पक्षी तुमच्या डोक्यावर घिरट्या घालत सतत ओरडत असेल तर घरटे जवळ आहे असे समजून तो मार्ग सोडून द्यावा. मऊ दगडावर तारेचा ब्रश वापरू नये, आणि मॅग्नेशियाच्या खुणा निघताना मऊ ब्रशने पुसाव्यात.

उत्तरवाट

सर्वांचे पुन्हा आभार. गेल्या दोन आठवड्यांत काय झाले ते लिहिते.

पहिल्या रविवारी आम्ही तिघी वालुकाश्माच्या कड्यांवर गेलो. आदल्या दोन रात्री पाऊस झाला होता, पण सकाळपासून लख्ख ऊन होते आणि कडा अगदी कोरडा दिसत होता. बहिणीने पायथ्याची माती उकरली. वरचा बोटभर थर भुसभुशीत होता आणि त्याखालची माती मुठीत दाबल्यावर तिचा गोळा झाला. आम्ही चढलो नाही. माथ्यावर जाऊन झाडे पाहिली, बाईंनी दोन झाडांमधून अँकर बांधून दाखवला, तो आम्ही सोडला आणि पुन्हा बांधला, असे पाच-सहा वेळा केले. निरगाठ यांनी सांगितलेली खाच आम्हाला धारेवर दोन ठिकाणी प्रत्यक्ष दिसली. बोटाचे पहिले पेर तिच्यात सहज बुडत होते.

दुसऱ्या रविवारी माती खालपर्यंत कोरडी होती आणि आम्ही चार मार्ग चढलो. सर्वांत सोप्या मार्गावर मी तीनदा घसरले, कारण पायाखालची पकड दिसतच नव्हती. चौथ्या वेळी बाईंनी मला हातांचा विचार सोडून केवळ पावले पाहायला सांगितले, तेव्हा गुडघ्याच्या उंचीवर एक करंगळीएवढी तिरपी धार सापडली. आधीच्या तिन्ही वेळा मी तिच्यावरूनच बूट घासत वर गेले होते.

बर्फासाठी शिकवणाऱ्यांची चौकशी चालू आहे. घळीच्या माथ्यावरचा उतार नकाशावर ३५ अंशांच्या आसपास भरतो, म्हणून तो धबधबा यंदा आम्ही सोडून दिला आहे आणि माथ्यावर चालत जाता येईल अशी दुसरी जागा शोधत आहोत.

चुनखडीच्या कड्यावर पुढच्या महिन्यात जायचे ठरले, तेव्हा काल संध्याकाळी दोर अंगणात पसरून मोजपट्टीने मोजला. तो ६० मीटरचा म्हणून घेतलेला होता आणि मधल्या काळात त्याची झिजलेली टोके दोनदा कापली होती. तो ५६ मीटर भरला. बाईंशी बोलून २६ मीटरहून उंच असलेले सगळे मार्ग आम्ही पुस्तिकेत पेन्सिलने खोडले आहेत, आणि दोराच्या पिशवीच्या झाकणावर आतल्या बाजूला ‘५६’ असे मोठ्या आकड्यांत लिहून ठेवले आहे.